सत्तर वर्षांचं विमान आणि आडवी केलेली चेतक

प्रश्न : यंदा मुलीकडे व्हँकुव्हरला गेलो होतो. पाण्यावरून उडणाऱ्या छोट्या ‘बीव्हर’ विमानात बसलो. उतरल्यावर वैमानिक म्हणाला, हे १९५३ सालचं! आमच्या सोसायटीची लिफ्ट वीस वर्षांत बाद झाली. हा जिवाशी खेळ नाही का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : त्यातलं १९५३ चं किती उरलंय, ते आधी विचारा! बीव्हर पहिल्यांदा उडालं १९४७ मध्ये, बनायचं थांबलं १९६७ मध्ये. आखूड तळ्यातून ओझं घेऊन उठणारं तसलं विमान सहज मिळत नाही, म्हणून लोक ते जपतात. इंजिनाचं वय तासांत मोजतात. तास भरले की उतरवून पूर्ण सुटं करायचं. पत्रे, रिव्हेट, केबल लागतील तसे बदलतात. खारं पाणी मात्र वैरी, म्हणून समुद्रावरून आलं की गोड्या पाण्याची आंघोळ.

मी आयुष्यभर विमानांची देखभाल केली. एका फ्लाइंग क्लबात कापडी अंगाचं ‘पुष्पक’ हे छोटं शिकाऊ विमान तपासायला गेलो होतो. बाहेरून नवरीसारखं नटलेलं. पण शेपटी टेकवून उभं राहणारं विमान, म्हणजे आत शिरलेलं पाणी उताराने शेपटीकडेच साचणार. तिथलं कापड कापलं, सांगाड्याच्या खालच्या पोलादी नळीवर टोच्या दाबला, तो गंजातून सरळ आत! क्लबचे साहेब म्हणाले, “अहो, गेल्याच महिन्यात रंग दिलाय!” तेवढा तुकडा कापून नवी नळी वेल्ड केली, पुन्हा गंजू नये म्हणून आत गरम जवसाचं तेल फिरवून निथळवलं, मग नवं कापड, वर डोपचे, म्हणजे कापड ताणून घट्ट करणाऱ्या रोगणाचे हात. त्या वासाने डोकं चढायचं. तेव्हापासून मी रंग बघत नाही, देखभालीची वही बघतो.

पुन्हा गेलात तर वैमानिकाशेजारी बसा. सुरू करताना तो आधी पंखा सावकाश फिरवतो का, बघा. बीव्हरचं इंजिन गोल, म्हणजे सिलिंडर चक्रासारखे भोवती मांडलेले; उभ्या विमानात तेल खालच्या सिलिंडरांत उतरतं. तसंच सुरू केलं तर आतला दांडा वाकायचा. आपण चेतक स्कूटर आडवी करून मग किक मारायचो ना? कारण वेगळं, पण जुन्या यंत्राचे लाड तेच. आणि तेल ओतायचं तोंड कुठंय, विचारा. बीव्हरमध्ये ते केबिनमध्येच असतं, उडता उडता तेल घालता यावं म्हणून.