मेडिकल बोर्डाने नाकारलेली डिसॅबिलिटी पेन्शन न्यायाधिकरण कशी तपासते?

आपण विचारले आहे की, धाकट्या भावाला ३० टक्के अपंगत्व असल्याचे मान्य करूनही लष्कराने डिसॅबिलिटी पेन्शन नाकारली, दोन्ही विभागीय अपिले फेटाळली गेली; आता सशस्त्र दल न्यायाधिकरण त्याची नव्याने वैद्यकीय तपासणी करील का आणि जिंकण्याची शक्यता किती. माझ्या वडिलांचे प्रकरण जवळजवळ असेच होते, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

न्यायाधिकरण स्वतः डॉक्टर होत नाही. आजार कोणता आणि टक्केवारी किती, यात ते सहसा पडत नाही. फार तर नवे बोर्ड बसवण्याचा आदेश देते. नकाराला मेडिकल बोर्डाने, म्हणजे अपंगत्व ठरवणाऱ्या लष्करी डॉक्टरांच्या मंडळाने, लेखी कारण दिले आहे का, आणि आजाराचा सेवेशी संबंध नाही हे सिद्ध करण्याचा भार नियमाप्रमाणे सरकारवर ठेवला की चुकून सैनिकाच्या डोक्यावर टाकला, हे ते पाहते. माझ्या मते सगळे प्रकरण या दोन गोष्टींवर उभे राहते किंवा पडते.

माझे वडील १९८२ साली पायदळात भरती झाले. भरतीच्या वेळच्या वैद्यकीय कागदांत कोणत्याही आजाराची नोंद नव्हती. १९९९ मध्ये उंचावरच्या ठाण्यावर असताना त्यांना रक्तदाबाचा विकार असल्याचे आढळले, वैद्यकीय श्रेणी खाली आली, आणि २००४ च्या ऑक्टोबरमध्ये ते हवालदार म्हणून निवृत्त झाले तेव्हा बोर्डाने ३० टक्के कायमचे अपंगत्व लिहून दिले. त्याच कागदावर पुढच्या रकान्यात शेरा होता की, हा आजार सेवेमुळे उद्भवलेला नाही आणि सेवेने बळावलेलाही नाही; म्हणजे अपंगत्व मान्य, पण पेन्शन नाही. कारणाच्या जागी एकच ओळ होती: आजार शरीरप्रकृतीशी निगडित आहे. पहिले अपील याच ओळीवर फेटाळले गेले आणि २००७ साली दुसरेही.

तेव्हा न्यायाधिकरण सुरू झालेले नव्हते, पण उच्च न्यायालयात रिट याचिका करता आली असती. मी ती करावी असे म्हणत होतो. आमचे थोरले चुलते निवृत्त मुख्याध्यापक होते आणि घरात त्यांचा शब्द अखेरचा असे. ते म्हणाले, "ज्या सरकारने बावीस वर्षे जेवू घातले, त्याच्यावर खटला भरायचा नसतो." वडील त्यांच्यापुढे काही बोलले नाहीत, कागद ट्रंकेत गेले आणि सात वर्षे तिथेच राहिले.

२ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने धरमवीर सिंग यांच्या प्रकरणात निकाल दिला. अपस्माराच्या झटक्यांमुळे सैन्यातून काढलेल्या या जवानाला उच्च न्यायालयाच्या एकसदस्यीय पीठाने पेन्शन दिली होती, द्विसदस्यीय पीठाने ती काढून घेतली होती, आणि सर्वोच्च न्यायालयाने ती परत दिली. डिसॅबिलिटी पेन्शनच्या १९८२ च्या नियमांचा अर्थ न्यायालयाने स्पष्ट केला: भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस निरोगी होता असे धरायचे, पुढे प्रकृती बिघडली तर ती सेवेमुळे बिघडली असे गृहीत धरायचे, हा आजार भरतीच्या तपासणीत कळणे शक्य नव्हते असे डॉक्टरांचे मत असेल तर त्याची कारणे नोंदवायची, आणि वाजवी शंकेचा फायदा सैनिकाला द्यायचा. निकाल वाचून मी माहितीच्या अधिकाराखाली बोर्डाच्या संपूर्ण कार्यवाहीची प्रत मागवली. तिच्यातही त्या एका ओळीपलीकडे काही नव्हते.

ऑगस्ट २०१४ मध्ये आम्ही न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे अर्ज केला. पेन्शन दरमहा देय असल्यामुळे ती नाकारणे हा चालू राहणारा अन्याय मानला जातो, म्हणून उशीर माफ झाला. निकाल आमच्या बाजूने लागला, आणि राम अवतार प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानुसार पेन्शनच्या हिशेबासाठी ३० टक्के अपंगत्व वाढवून ५० टक्के धरण्यात आले. थकबाकी मात्र अर्जापूर्वीच्या तीनच वर्षांची मिळाली, कारण तरसेम सिंग प्रकरणात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती मर्यादा घालून दिलेली आहे. म्हणजे ऑक्टोबर २००४ ते ऑगस्ट २०११ एवढ्या काळाची रक्कम कायमची गेली. ती कोणत्याही कार्यालयाने बुडवली नाही. ती आमच्या ओसरीवर बुडाली.

चुलते नंतर म्हणत की २००७ साली गेलो असतो तर हरलो असतो. त्या काळी बोर्डाच्या मताला न्यायालये अधिक वजन देत, हे खरे आहे. पण धरमवीर सिंगही मध्ये एकदा हरले होते, आणि ते घरी बसले असते तर तो निकाल कोणालाच मिळाला नसता. अपंगत्वाची पेन्शन ही सरकारची दया नाही. ती नियमाने ठरलेली देणी आहेत, आणि देणी मागण्यात कृतघ्नपणा कसला?

काही मर्यादा सांगणे आवश्यक आहे. अपंगत्व २० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर हा मार्ग बहुधा बंदच आहे. आजार मानसिक असेल तर नरसिंग यादव प्रकरणातील २०१९ चा निकाल विरुद्ध जातो. तिथे सर्वोच्च न्यायालयाने बोर्डाचेच मत मानले. आपला भाऊ २१ सप्टेंबर २०२३ नंतर निवृत्त झाला असेल तर त्याला नवे नियम लागू होतील, आणि वर लिहिलेले सर्व काही त्याला जसेच्या तसे लागू पडणार नाही. न्यायाधिकरणात हरल्यास सर्वोच्च न्यायालयात जाण्यासाठी सार्वजनिक महत्त्वाचा कायदेशीर मुद्दा लागतो. उच्च न्यायालयाचे दार सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ च्या निकालाने पुन्हा उघडले आहे, पण तिथे पुरावा नव्याने तोलला जाईल अशी अपेक्षा धरू नये.

दुसरे अपील फेटाळल्यापासून अर्जासाठी सहा महिन्यांची मुदत असते. उशीर माफ होतो, पण थकबाकी कापली जाते. अर्जाला केवळ नकाराचे पत्र जोडू नका. भरतीच्या वेळची वैद्यकीय नोंद आणि बोर्डाची पूर्ण कार्यवाही जोडा, आणि कारणाच्या रकान्यात काय लिहिले आहे ते वकिलाला पहिल्याच भेटीत दाखवा.