वाचकांचे प्रश्न : वर्ग एक, सुरुवाती अनेक

प्रश्न : माझ्या तिसरीच्या वर्गात ३४ मुलं आहेत. काही गोष्टीचं पुस्तक घडाघडा वाचतात, काही जोडाक्षरापाशी अडतात, चार मुलांची अक्षरओळखच कच्ची आहे. शाळेने यंदा प्रत्येक मुलासाठी वेगळा, बालकेंद्री आराखडा मागितला आहे. चौतीस आराखडे करायचे कसे?
– वर्गशिक्षिका, नंदनवन

उत्तर : चौतीस करूच नका. कागदावर होतील, पण वर्गात दुसऱ्या आठवड्यात बंद पडतील. तिसरीच्या अध्ययन निष्पत्ती, म्हणजे वर्षअखेर मुलाला काय यायला हवं ते, सगळ्यांसाठी त्याच ठेवा. मुलागणिक बदलू द्यायच्या चार गोष्टी : ते सुरुवात कुठून करतं, साहित्य कोणतं वापरतं, वेळ किती घेतं आणि समजलेलं कसं दाखवतं. कुणी लिहून दाखवेल, कुणी सांगून, कुणी करून.

आधी प्रत्येक मुलाला एकेकटं घेऊन सहा-सात मिनिटं बसा. वाचनासाठी एका कागदावर सुटी अक्षरं, सोपे शब्द, चार वाक्यांचा परिच्छेद आणि छोटी गोष्ट असू द्या. परिच्छेदापासून सुरू करा. अडलं तर शब्दांकडे उतरा, जमलं तर गोष्टीकडे चढा. पाचपैकी चार शब्द नीट वाचले तर ती पायरी आली असं धरा. रोज पाच मुलं घेतली तर सात दिवसांत वर्ग पुरा होतो. ही तपासणी लेखी घेऊ नका. लेखी पेपरात मूल कुठे अडलं ते दिसतं, का अडलं ते दिसत नाही.

गणितात तर उदाहरण निवडण्यापासूनच काळजी हवी. समजा, तुम्ही ५२ वजा २७ दिलं आणि मुलाने ३५ लिहिलं. काही मुलं एककात मोठ्यातून लहान वजा करतात : ७ वजा २, पाच. काही मुलं दशक सुटा करतात, १२ मधून ७ काढतात, पण दशकाच्या घरातला एक कमी करायला विसरतात. दोघांचंही उत्तर ३५! चूक कुठली ते कळणार नाही. त्याऐवजी ५२ वजा २८ द्या. पहिल्याचं ३६ येईल, दुसऱ्याचं ३४; बरोबर उत्तर २४. ३६ लिहिणाऱ्याला काड्यांचे गठ्ठे हवेत. पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या हातात देऊन २८ काढायला सांगा, म्हणजे गठ्ठा सोडावाच लागतो. ३४ लिहिणाऱ्याला तो टप्पा कळलेला आहे. त्याला दशकावर काट मारून वर नवा अंक लिहायची सवय लावली की बहुतेकदा भागतं. दोघांना एकच 'वजाबाकीचा सराव' दिला, तर पहिला तीच चूक वीस वेळा घोटेल. मुलागणिक अभ्यासक्रम म्हणजे आमच्या लेखी नेमकं हेच : ३६ आणि ३४ यांतला फरक ओळखून उद्याचं काम ठरवणं.

नंतर तीन गट करा, भाषेचे वेगळे आणि गणिताचे वेगळे. पंचाहत्तर मिनिटांचे तीन भाग पाडा : एक गट तुमच्याजवळ, दुसरा जोड्यांत, तिसरा सरावाच्या कार्डांवर, दर २५ मिनिटांनी अदलाबदल. बारा मुलांच्या गटात सहा जोड्या होतात. जोडीला रोज दोन कार्डं दिली तर पाच दिवसांत दहा लागतात. म्हणून एका गटाला बारा कार्डं आठवडाभर फिरवून पुरतात. उत्तर कार्डाच्या मागे लिहा. ते नसलं की दर दोन मिनिटांनी 'बाई, झालं' सुरू होतं आणि तुमच्याजवळच्या गटाचा वेळ जातो. पहिले आठ-दहा दिवस अगदी सोपं काम देऊन फक्त ही फिरण्याची शिस्तच शिकवा.

गट दर चार आठवड्यांनी मोडून नव्याने बांधा, नावंही बदला. आज नद्यांची : कन्हान, पेंच, नाग; पुढच्या वेळी झाडांची. तसं केलं नाही तर महिनाभरात मुलं स्वतःच 'तो ढ गटातला' म्हणू लागतात, आणि तो शिक्का पुसायला वर्ष पुरत नाही.

वर्णनात्मक नोंदी मात्र तयार पुस्तिकेतून उतरवू नका. 'चांगले वाचतो' ही नोंद कुणाच्याच कामाची नाही. 'जोडाक्षर आलं की पुढचा शब्द अंदाजाने म्हणते. सोमवारी "क्य", "त्य"च्या पट्ट्या' अशी एक ओळ हवी. शुक्रवारी या नोंदी वाचूनच पुढच्या आठवड्याची कार्डं काढा.

प्रश्न : आमच्या शाळेत सगळे विषय प्रकल्पातून शिकवायचं ठरतंय. पहिला प्रकल्प तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलं लाकडी बैल मिरवतात त्या सणाचा. सगळं त्यात बसेल का?
– मुख्याध्यापक, महाल

उत्तर : विषय फार चांगला निवडलात, पण सगळं बसणार नाही. लाकडी बैलाची लांबी-उंची मोजणं, चाक एकदा फिरलं की बैल किती पुढे जातो ते जमिनीवर खडूने आखणं, सुताराला विचारायचे प्रश्न लिहिणं, सजावटीचा हिशेब, आजी-आजोबांकडून झडत्या (पोळ्याला म्हणायच्या यमकांच्या ओळी) गोळा करून त्यांतली यमकं शोधणं, हे तीन आठवडे सहज पुरेल. वजाबाकी, जोडाक्षरं यांना मात्र क्रम लागतो. ती रोजच्या तासातच ठेवा. ओढूनताणून बसवलं की मूल बैल सजवतं आणि गणित बाई करतात. आखताना आधी निष्पत्ती लिहा, मग कृती. एका प्रकल्पाला पाच-सहा निष्पत्ती पुरे. आणि पोळ्याची तारीख श्रावण अमावास्येप्रमाणे सरकते, तेव्हा पंचांग पाहूनच आठवडे धरा.

प्रश्न : मुलीने कोथिंबिरीच्या चित्राखाली 'सांबार' लिहिलं, बाईंनी चूक दिली. घरी आम्ही सांबारच म्हणतो.
– पालक, मानेवाडा

उत्तर : मुलीचा शब्द बरोबरच आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम २९ शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवायला सांगतं, आणि घरची बोली ही मातृभाषाच. बाईंशी शांतपणे बोला. भिंतीवर दोन रकान्यांचा तक्ता लावता येईल : घरचा शब्द, पुस्तकातला शब्द. सांबार–कोथिंबीर, भेदरं–टोमॅटो. हिंदी, छत्तीसगढी, गोंडी बोलणाऱ्या मुलांचे शब्दही त्यात येऊ द्या. मुलगी दोन्ही शिकेल आणि घरचं बोलायला लाजणार नाही.

प्रश्न : शाळेने टॅबलेटवरच्या 'पर्सनलाइज्ड' अभ्यासासाठी जादा फी मागितली आहे. द्यावी का?
– पालक, जरीपटका

उत्तर : असे बहुतेक कार्यक्रम उत्तर चुकलं की सोपा प्रश्न देतात, बरोबर आलं की अवघड. सरावाला ते बरं. पण मुलाने वहीत काय केलं ते त्यांना दिसत नाही. शाळेला विचारा : आठवड्याचा अहवाल कोण वाचतं, वाचून वर्गात काय बदलतं, आणि पडद्यासमोर रोज किती वेळ? पहिल्या दोन प्रश्नांना नेमकं उत्तर मिळालं नाही तर पैसे देऊ नका.

प्रश्न : हे सगळं करताना पाठ्यपुस्तक पुरं होईल का?
– शिक्षक, हिंगणा

उत्तर : होईल, वेळेचं गणित आधी मांडलं तर. पहिली ते पाचवीसाठी कायद्याने किमान २०० दिवस आणि ८०० तास, म्हणजे रोजचे चार तास धरले आहेत. भाषा आणि गणिताच्या गटकामाला मिळून अडीच तास गेले तरी पाठ्यपुस्तक, परिसर अभ्यास, चित्र, खेळ यांना दीड तास उरतो. शिवाय तुमच्याजवळ बसणाऱ्या गटाचं काम पाठ्यपुस्तकातूनच घेता येतं. आपल्याकडे विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, तेव्हा पातळी तपासणी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत उरका. मार्चअखेरपासून ऊन तापतं, शाळा सकाळची होते आणि मुलं दहा वाजताच मरगळतात; म्हणून भागाकार, अपूर्णांक यांसारखे जड घटक फेब्रुवारीच्या आत घ्या आणि एप्रिलमध्ये वाचन, उजळणी, हातकाम ठेवा.