निवेदक म्हणजे लेखकच का? आणि कथानक, संविधानक वगैरे

प्रश्न एका बीएच्या विद्यार्थिनीचा आहे. कथानक, कथावस्तू, संविधानक हे शब्द वर्गात आलटून पालटून येतात ते एकच का, आणि निवेदक म्हणजे लेखकच ना, असं तिने विचारलंय.

पहिल्याचं पटकन सांगतो. कथावस्तू हा नाटकाकडून आलेला शब्द, संस्कृत नाट्यशास्त्रात वस्तू, नेता (म्हणजे नायक) आणि रस अशी त्रयी आहे त्यातली ही वस्तू. संविधानक पण नाटकवाल्यांचाच, संविधान म्हणजे नीट लावून ठेवणं, देशाचं असो की नाटकाचं. आता ओघात तिन्ही प्लॉट, म्हणजे घटनांची मांडणी, या अर्थाने चालतात, त्यात डोकं शिणवू नका. फरक करायचाच तर गोष्ट आणि कथानक यात करा. धाकटा मुलगा विहिरीत पडून गेला, बापाने विहीर बुजवली, पुढे दुष्काळात घरात पाणी नाही, ही झाली गोष्ट, घडली त्या क्रमाने. आता सुरुवातच दुष्काळापासून केली, म्हातारा विहीर उकरू देत नाही, का देत नाही ते कुणाला कळत नाही, आणि मुलाचं शेवटी कळलं, तर घटना त्याच पण कथानक वेगळं झालं.

खरी गडबड निवेदकाची आहे आणि त्यात तुमची चूक नाही, शब्दच तसा आहे. आपल्याकडे निवेदक म्हणजे स्टेजवर माईक घेऊन पाहुण्यांची ओळख करून देणारा, आणि निवेदन म्हणजे मोर्चा काढून कलेक्टरला देतात ते. कथेतला निवेदक म्हणजे गोष्ट सांगणारा आवाज. तो लेखकाने तयार केलेला असतो, बाकीच्या पात्रांसारखाच, मग तो स्वतःला मी म्हणो न म्हणो.

मराठीत तर हे व्याकरणच सांगतं. "मी एसटीतून उतरले, स्टँडवर कोणीच नव्हतं." उतरले म्हटल्याबरोबर कळलं की बोलणारी बाई आहे. मग वर नाव पुरुषाचं असेल तर हा मी कोण? ह. ना. आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' घ्या, १८९० च्या सुमाराची, लिहिणारे आपटे आणि सांगणारी यमू, लहानपणी लग्न झालेली आणि पुढे विधवा झालेली मुलगी. अख्खी कादंबरी तिच्या तोंडून येते, तिथे लेखक आणि निवेदक एकच असं कसं म्हणणार?

इंग्रजीत मी बाई की पुरुष हे पानंच्या पानं लपवता येतं, आपल्याकडे जीव जातो. गंमत म्हणून करून बघा. "मी पिशवी उचलली, रस्ता ओलांडला, मला वाटलं कोणीतरी हाक मारली" इथपर्यंत चालतं कारण क्रियापद पिशवीच्या नाहीतर रस्त्याच्या मागे जातं. पण चहा पाजलात की पकडले जाता, चहा प्यायलो नाहीतर प्यायले म्हणावंच लागतं. (कोल्हापूरकडच्या बायका "मी येतो" म्हणतात, तिथला निवेदक असेल तर मात्र सांभाळून.)

मी नसलेला, सगळ्यांच्या मनातलं माहीत असलेला निवेदक असतो त्याला सर्वज्ञ म्हणतात. त्याची नि लेखकाची गल्लत जास्त होते कारण त्याला नाव नसतं, वय नसतं, म्हणून वाटतं लेखकच बोलतोय. पण पात्राला टोमणे मारणारा सर्वज्ञ वेगळा आणि नुसतं दाखवून गप्प बसणारा वेगळा, आणि हे दोन्ही एकच लेखक दोन पुस्तकांत लिहू शकतो.

तेव्हा पेपरात सरसकट "लेखक म्हणतो" लिहू नका, "निवेदक सांगतो" लिहा. खांडेकरांच्या 'ययाति'त तर ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा असे तिघं आळीपाळीने आपापली बाजू सांगतात. त्यात देवयानी शर्मिष्ठेबद्दल जे बोलते ते खांडेकरांचं मत म्हणून लिहिलंत तर पुढच्या भागात शर्मिष्ठा बोलायला लागल्यावर काय करणार?