माझ्या वाटणीचं पीठ मळू नका

प्रश्न : ताई, मी औसा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेवर शिक्षिका आहे. वय ३४. ॲसिडिटीला कंटाळून नऊ महिन्यांपासून फक्त कच्चं खाते. फळं, मोडाची मटकी-मूग, काकडी, गाजर, मुळा, भिजवलेले शेंगदाणे, ओलं खोबरं. दूधसुद्धा बंद केलंय. मला बरं वाटतं, पण चार माणसांत निभत नाही. शाळेत सगळ्यांचे डबे एकत्र उघडतात, मी बाजूला बसते. सासूबाई म्हणतात, "आमच्या हाताला काय झालंय?" नणंदेच्या घरच्या लग्नात पंगतीतून उठून आले, त्याचं बोलणं अजून ऐकतेय. आता येळवस (वेळ अमावस्या) तोंडावर आलीय. काय करू? सोडून देऊ का?
— एक वाचक, जि. लातूर

उत्तर : येळवशीपासूनच सांगते, कारण माझी सगळ्यात मोठी चूक तिथंच झाली.

२०११ची गोष्ट. मला कच्चं खायला लागून पाच महिने झाले होते. माहेर निलंग्याकडचं. मार्गशीर्षातली अमावस्या, सगळं गाव शेतात. आई आंबिलाचं मडकं डोक्यावर घेऊन पुढं. मडक्याला चुना आणि कावेचे पट्टे, तोंडाला धुतलेलं फडकं बांधलेलं. कडब्याची कोप, आत पाच पांडव म्हणून मांडलेले दगड, पूजा झाली आणि जेवणं बसली. भज्जी, उंडे, गव्हाची खीर. मी माझा डबा घेऊन लांब बाभळीखाली बसले. आई पितळी वाटीत आंबिल घेऊन माझ्यापर्यंत चालत आली. मी वाटी हातानं मागं सारली आणि म्हणाले, "शिजवलेल्यात जीव नसतो, आई." ती तशीच उभी राहिली. मग परत गेली, वाटीतलं आंबिल मडक्यात ओतलं, फडकं बांधलं. मला एक शब्द बोलली नाही. दिवस मावळताना गाडीत बसल्यावर वहिनीला म्हणाली, "तिला आपलं जेवण मेलेलं वाटायलंय."

ते वाक्य मी आजपर्यंत विसरले नाही. आईला मी उपाशी राहिल्याचं दुःख नव्हतं, डबा भरलेला तिनं पाहिला होता. तिची पहाटे तीनपासूनची मेहनत मी तिच्याच तोंडावर मेलेली ठरवली, हे तिला लागलं. तुमच्या सासूबाईंच्या बोलण्यातही मला तेच ऐकू येतंय.

पुढच्या वर्षी आदल्या दिवशीच फोन केला. "आई, माझ्या वाटणीचं पीठ मळू नको. घोळाना मी करते, सगळ्यांचा." शेतात पोचल्या पोचल्या मेथी उपटली, दव वाळलं नव्हतं. काड्या काढून पानं हातानंच तोडली, चाकू लावला नाही. कांद्याची पात, हिरवी मिरची आणि मीठ दगडावर ठेचलं. कच्चेच शेंगदाणे भरडून घेतले, लिंबू पिळलं आणि वरून घाण्याचं करडीचं तेल. परातीत दोन्ही हातांनी कालवायला घेतलं तशी मेथीची पानं तेलानं चमकायला लागली, मिरचीचा वास उठला आणि पोरं ताटं घेऊन माझ्याभोवती आली. भाऊ तीनदा येऊन गेला. आईनं भाकरीवर घेतला, खाल्ला आणि म्हणाली, "मीठ जरा कमी पडलंय." मी तिच्या हातची वाटी घेऊन दोन घोट आंबिल प्याले.

म्हणून सोडू नका, पण पहिली गोष्ट ही करा : जिथं जाल तिथं आदल्या दिवशी कळवा. "माझ्या वाटणीचं पीठ मळू नका" हे आधी सांगितलं तर तो मोकळेपणा वाटतो. तेच वाक्य ताट वाढून झाल्यावर सांगितलं की अपमान होतो. आणि नुसतं "मला नको" म्हणू नका, "मी अमुक घेऊन येते" म्हणा.

दुसरं, सासूबाईंसमोर 'रॉ फूड' हा शब्द काढूच नका. मोबाइलमधून आणलेलं सोंग वाटतं ते. आपल्या भागात कच्चं खाणं जुनं आहे. घोळाना झाला, बुक्कीनं फोडलेला कांदा झाला, मुळा, वाळूक, तुरीच्या ओल्या शेंगा, हरभऱ्याचे ढाळे, बोरं, जांब, बालाघाटातली सीताफळं. बांधावरची पाथरीची भाजी तर कितीतरी जण शिजवतच नाहीत, मीठ लावून भाकरीबरोबर तशीच खातात. सासूबाईंना विचारा, तुमच्या लहानपणी शेतात काय काय तसंच तोंडात टाकत होता? मग त्यांनाच पाथर ओळखायला घेऊन जा. मला ती अजूनही आईसारखी ओळखता येत नाही. ज्या बाईकडून तुम्ही शिकताय, तिला तुम्ही तिचं अन्न नाकारलं असं वाटत नाही.

शाळेत मध्ये बसा. डबा दहा जणांना पुरेल एवढा न्या. मटकी, कोथिंबीर, डाळिंबाचे दाणे, लिंबू. भाकरीचा डबा तुमच्यासमोर आला तर पुढं सरकवा, झाकण लावू नका. कुणी विचारलंच तर "मला हेच पचतं" एवढंच बोला. एन्झाइम आणि विषारी द्रव्यं यांवरचं व्याख्यान जेवताना कुणालाच नको असतं आणि त्यातलं बरंच खरंही नसतं.

लग्नाचं आपल्याकडं अवघड असतं, मान्य. मुहूर्त दुपारचा, जेवायला तीन वाजतात. घरून दोन केळी आणि मूठभर भिजवलेले शेंगदाणे खाऊन निघा. पण पंगतीला बसाच. वाढपी येण्याआधी ताटावर हात आडवा धरा, एकदा वाढलं की टाकलेलं अन्न सगळ्यांना दिसतं. काकडी, कांदा, लिंबू मागून घ्या, शेजारणीशी बोला, सगळे उठतील तेव्हा उठा. तुम्ही काय खाल्लं हे कुणाच्या लक्षात राहत नाही. उठून गेलात हे दहा वर्षं लक्षात राहतं.

आता एक गोष्ट जरा कडक सांगते. मयताच्या घरी कडू घास घेऊन गेलात आणि समोरच्यानं "तुम्ही पण दोन घास घ्या" म्हटलं, तर घ्या. तिथं नियम काढू नका. मी तीन जागा ठरवून ठेवल्या आहेत : येळवशीचं आंबिल, देवाचा प्रसाद आणि दुःखाचं घर. बाकी कुठं कुणी कितीही आग्रह केला तरी मी हलत नाही. आधीच ठरवलेलं असलं की आपण मोडलो असंही वाटत नाही.

टंचाईच्या उन्हाळ्याचा विचार केलाय का? नऊ महिन्यांत एक उन्हाळा तुम्ही काढला असेल, पण टंचाईचा उन्हाळा वेगळा असतो. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, तेव्हा मी लातुरातच राहत होते. मेथीची जुडी नीट धुवायला तीन पाणी लागतात, आणि कच्ची खायची तर धुणं टाळताच येत नाही. शेजारीण हंडा घेऊन रांगेत उभी असताना मी पालेभाजी धूत बसणार होते का? पाऊस पडेपर्यंत पाला बंद केला. टरबूज, खरबूज, केळी, कांदा, सोलून खायचं तेवढंच खाल्लं. टंचाईत तुम्हीही तेच करा. अर्धवट धुतलेल्या पाल्यानं जुलाब लागले, तर ज्या आहाराचं नाव तुम्ही जपताय तोच गावात बदनाम होईल.

आणि ताई, दूध बंद केलंय म्हणालात, तिथं मी थांबले. बी-१२ हे जीवनसत्त्व फळं, भाज्या, कडधान्यं यांतून मिळत नाही. शरीरातला साठा वर्षानुवर्षं पुरतो, त्यामुळं सुरुवातीला छानच वाटतं. मला तिसऱ्या वर्षी तळपायांना मुंग्या यायला लागल्या. एक दिवस चप्पल पायातून निसटली आणि मी तशीच चार पावलं चालले, कळलंच नाही. रक्त तपासलं, इंजेक्शनं घ्यावी लागली. तेव्हापासून दिवसभर कच्चं आणि सांजेला एक भाकरी, ताक, असं माझं चालू आहे. तुम्ही पूर्ण कच्चंच खाणार असाल तर डॉक्टरांना विचारून बी-१२ची गोळी सुरू करा आणि हिमोग्लोबिनही बघून घ्या. या महिन्यातच. महात्मा गांधींनीसुद्धा १९२९मध्ये मोडाचा गहू, वाटलेले बदाम, पाला, लिंबू, मध यांवर न शिजवता राहून पाहिलं होतं. तब्येत बिघडली तेव्हा त्याच वर्षी त्यांनी ते थांबवलं. थांबण्यात कमीपणा नाही.

जाता जाता : ज्वारीला मोड आणून खाऊ नका. कोवळ्या ज्वारीनं जनावराला किरळ लागते, म्हणजे विषबाधा होते, हे तुमच्या घरात सगळ्यांना माहीत असेल. कोंबांत तेच द्रव्य असतं, त्यातून सायनाइड सुटतं. राजमाही कच्चा नको, मोड आणलेला असला तरी.

प्रश्न : मी जालन्यात दुकान चालवतो. अपक्वाहार, म्हणजे न शिजवता खाणं, सुरू केलाय, पण दिवसात दहा गिऱ्हाइकं "चला, चहा घेऊ" म्हणतात. नाही म्हटलं तर व्यवहारावर परिणाम होतो.
— एक व्यापारी

उत्तर : भाऊ, तुम्ही जालन्याचे, मोसंबीच्या गावचे. चहा त्यांना पाजा, तुम्ही मोसंबी सोला आणि अर्धी त्यांच्या हातावर ठेवा. चहा म्हणजे पाच मिनिटं सोबत बसणं, तेवढं बसलात की काम झालं. सुरुवातीचे काही दिवस डोकं दुखू शकतं, चहा सुटल्यावर अनेकांचं दुखतं.

प्रश्न : माझी मुलगी दहावीत आहे. मोबाइलवर बघून दोन महिन्यांपासून फक्त फळं आणि सॅलड खाते. वजन सहा किलो उतरलं. घरात रोज भांडणं. तुम्ही स्वतः कच्चं खाता म्हणून तुमचं ऐकेल असं वाटतं.
— एक आई, परभणी

उत्तर : मग तिला हे उत्तर वाचायला द्या.

बेटा, मी हे ४६व्या वर्षी सुरू केलं. माझी उंची वाढून झाली होती, लेकरं मोठी झाली होती. तुझी हाडं अजून भरायची आहेत. जर्मनीत कच्चंच खाणाऱ्यांची पाहणी झाली होती. त्यात ४५ वर्षांखालच्या बायकांपैकी सुमारे ३० टक्के बायकांची पाळी कमी झाली होती किंवा बंद पडली होती. त्या मोठ्या बायका होत्या, तू पंधराची आहेस. तुझी पाळी लांबलीय का, हे आईला आजच सांग. केस गळतात का, जिना चढताना दम लागतो का, तेही सांग. फळं खा, घोळाना खा, काकडी हवी तेवढी खा, मला आनंदच आहे. पण त्याबरोबर दोन्ही वेळा भाकरी, वरण, दूध-दही पाहिजेच.

आणि वहिनी, ताटावर भांडू नका. वजन आणि पाळी यांचं बोलणं डॉक्टरांकडं होऊ द्या, याच आठवड्यात. आरशात बघून ती स्वतःला जाड म्हणते का, जेवणाच्या वेळी खोलीत जाते का, यावर लक्ष ठेवा आणि डॉक्टरांना हेही सांगा. तसं असेल तर प्रश्न कच्च्या-शिजवलेल्याचा नाही, तिला मानसोपचारतज्ज्ञांची मदत लागेल. तिनं मला स्वतः पत्र लिहिलं तर मी आधी त्याचंच उत्तर देईन.