सरकारच्या बाजूने कागद कोण वाचतं?

पुणे

प्रिय मुलीस,
अनेक आशीर्वाद.

सरकार छोटं असावं की मोठं, स्पर्धा परीक्षेच्या निबंधात कोणती बाजू घेऊ, असं तू विचारलंस. दोन्ही बाजूंचे मुद्दे सदाशिव पेठेतल्या कुठल्याही क्लासच्या नोट्समध्ये तयार मिळतील आणि त्यावर मार्कही पडतील. पण उद्या तू खुर्चीत बसणार आहेस, म्हणून मला खरं काय वाटतं ते लिहितो. सरकारच्या आकाराची चौकशी नंतर कर. सरकारच्या बाजूने करार कोण वाचतं आणि त्या माणसाला पगार कोण देतं, हे आधी बघ.

सरकार छोटं केलं की कंपन्यांना विकत घ्यायला काही उरत नाही, हे म्हणणं पोकळ नाही. उद्योगाच्या प्रत्येक पावलाला सरकारी परवाना लागायचा, त्या परमिट-लायसन्स-कोटा राजविरुद्ध राजाजींनी (चक्रवर्ती राजगोपालाचारी) 1959 मध्ये स्वतंत्र पक्ष काढला, आणि त्यांची भीती बरीचशी खरी ठरली. पुढे अर्थतज्ज्ञ आर. के. हजारींनी नियोजन आयोगासाठी परवान्यांचा अभ्यास केला, तेव्हा बिर्ला समूहाने ढीगभर अर्ज करून इतरांची वाट आधीच अडवून ठेवल्याचं दिसलं. म्हणजे सरकार मोठं होतं तेव्हाही मोठ्या घराण्यांचं काम अडत नव्हतं.

आता दुसरी बाजू. दाभोळचा वीजप्रकल्प नीट वाचल्याशिवाय परीक्षेला बसू नकोस. 1992 मध्ये एन्रॉन या अमेरिकी कंपनीशी समझोता झाला आणि डिसेंबर 1993 मध्ये राज्य वीज मंडळाने वीजखरेदी करारावर सही केली. वीजनिर्मितीतून सरकारने अंग काढून घ्यावं, असं सांगण्याचे ते दिवस. प्रकल्प परवडणारा नाही म्हणून जागतिक बँकेने त्याच वर्षी कर्ज नाकारलं होतं, तरी सही झाली. खरी मेख होती स्थिर आकारात. मंडळाने वीज उचलो वा न उचलो, प्रकल्प तयार उभा आहे एवढ्यासाठी कंपनीला पैसे मोजायचे, आणि तेही डॉलरशी बांधलेले. रुपया घसरला की इथलं बिल वाढणार. वर मंडळाने पैसे थकवले तर राज्याची हमी, आणि राज्यानेही थकवले तर केंद्राची प्रतिहमी. 1995 मध्ये सत्तापालट होऊन करार रद्द झाला आणि काही महिन्यांत, नव्या वाटाघाटींनंतर, प्रकल्प आधीपेक्षा मोठा होऊन परत आला! मे 1999 मध्ये पहिला टप्पा सुरू झाला, 2001 मध्ये बंद पडला, आणि त्याच वर्षअखेर खुद्द एन्रॉनचं दिवाळं निघालं.

याच एन्रॉनच्या एका अधिकारी बाईंनी 1995 मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीसमोर सांगितलं होतं, की भारतातल्या लोकांना समजावण्यावर आणि प्रकल्पाच्या तयारीवर कंपनीने सुमारे 2 कोटी डॉलर खर्च केले. आपल्या बाजूने मात्र आकडेमोड करून लोकांपुढे ठेवली ती पुण्यातल्या 'प्रयास' या संस्थेच्या गिरीश संत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. सरकारच्या पगारावर नसलेल्या मूठभर माणसांनी हे काम केलं, याचा मला अभिमान वाटतो आणि सरकारकडे बघून संतापही येतो. ते काम मंडळाच्या इमारतीत व्हायला हवं होतं.

देणग्यांबद्दल नोट्समध्ये असेलच, म्हणून थोडक्यात लिहितो. कंपन्यांच्या राजकीय देणग्यांवर 1969 मध्ये बंदी आली, ती 1985 मध्ये उठली. मधल्या काळात पैसा थांबला नाही, फक्त काळा झाला. पुढे नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा होती, ती 2017 मध्ये काढली आणि देणगीदाराचं नाव लोकांपासून झाकणारे निवडणूक रोखे आणले. सर्वोच्च न्यायालयाने 15 फेब्रुवारी 2024 रोजी मर्यादा काढणं आणि रोखे, दोन्ही रद्द केलं.

पण तुझ्या टेबलावर देणगी येणार नाही, निविदा येईल. म्हणून पूर्वअर्हतेच्या, म्हणजे बोली लावायला कोण पात्र हे ठरवणाऱ्या, अटी वाचायला शीक. उलाढाल एवढीच हवी, अमुक प्रकारचं काम अमुक वर्षांतच केलेलं हवं, तमुक यंत्र स्वतःच्या मालकीचं हवं. एकेक अट वेगळी वाचली तर रास्त वाटते. सगळ्या एकत्र लावल्या की कधीकधी गाळणीतून एकच कंपनी खाली पडते. मग शुद्धिपत्रकं, म्हणजे निविदेत मागाहून केलेले बदल, बघ. मुदत संपायला चार दिवस असताना अट बदलली असेल, तर निविदापूर्व बैठकीत ती कुणी मागितली होती ते शोध. आणि निविदेचा मसुदा बाहेरच्या सल्लागाराने केला असेल, तर तो सल्लागार आणखी कुणाकुणाचं काम करतो हे लेखी विचार. विचारलंस याची नोंद नस्तीत, म्हणजे फायलीत, राहू दे. तोंडी हरकतीला सरकारात काही किंमत नाही.

हे वाचणारी माणसं कमी होत चालली आहेत, ही माझी खरी काळजी आहे. 1 मार्च 2021 रोजी केंद्रात 9.79 लाख मंजूर पदं रिकामी होती, असं सरकारनेच संसदेत सांगितलं. सप्टेंबर 2023 मध्ये राज्याने नऊ एजन्सींमार्फत कंत्राटी भरतीचा जीआर काढला, ऑक्टोबरमध्ये तो मागे घ्यावा लागला. तुम्हा मुलांचा राग नोकरीसाठी होता आणि तो रास्तच होता. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. अकरा महिन्यांच्या करारावरचा माणूस टिपणीत 'असहमत' लिहायला धजेल का? कायम नोकरी ही त्याची चैन आहे असं म्हणणाऱ्यांना हे एकदा विचार.

कायम माणसांनीही कमी घोटाळे केलेले नाहीत, हे तू म्हणशीलच. बरोबर आहे. म्हणून तर माहितीचा अधिकार हवा आणि जाहीर सुनावणी हवी. वीज नियामक आयोगाची दरवाढीची सुनावणी कौन्सिल हॉलमध्ये असते, तेव्हा जाऊन मागे बस. कंपनीकडे वकील आणि जाडजूड फायली असतात. समोर एखादे निवृत्त गृहस्थ चार पानं घेऊन उभे राहतात आणि वितरण गळतीच्या आकड्यावर बोट ठेवतात. आयोगाला ते कागदावर घ्यावंच लागतं, आदेशात उत्तर द्यावं लागतं. इथे सरकार छोटं की मोठं हा मुद्दाच येत नाही.

निबंधात कुठलीही बाजू घे, पण दाभोळचा स्थिर आकार स्वतः आकडे मांडून समजावून दे. आणि एकदा महापालिकेत जा. रस्त्याच्या कामाची एखादी निविदा माग, पूर्वअर्हतेचं पान आणि सगळी शुद्धिपत्रकं उतरवून घे. वहीसकट घरी ये, बसून वाचू.

तुझे,
सर