विजेतेपदांच्या मधली वर्षं

प्रिय लेकी,
अनेक आशीर्वाद.

लेखमालेचं पहिलं प्रकरण मिळालं. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या, म्हणजे यूएससीच्या, बेसबॉल संघाचा इतिहास मराठीत लिहायचं तू मनावर घेतलंस याचा मला मनापासून आनंद झाला. इथे शिकायला येणाऱ्या आपल्या मुलांना यूएससीचा फुटबॉल संघ लगेच माहीत होतो, पण याच विद्यापीठाने कॉलेज बेसबॉलवर राज्य केलं होतं हे फार थोड्यांच्या कानावर गेलेलं असतं. काम करण्याजोगं आहे, म्हणूनच सविस्तर लिहितोय. सुरुवात मात्र तुला बदलावी लागेल.

पहिल्याच पानावर तू बारा राष्ट्रीय विजेतेपदांची यादी दिली आहेस : १९४८, १९५८, १९६१, १९६३, १९६८, मग १९७० ते १९७४ सलग पाच, १९७८ आणि शेवटचं १९९८. यादी अचूक आहे. आजही दुसरं कुठलं कॉलेज तिच्या जवळपास नाही. लुइझियाना स्टेट आठवर आहे, टेक्सस सहावर. पण यादी वाचून वाचकाला एवढंच समजतं की ही माणसं जिंकायची. ती कशाच्या बळावर जिंकायची आणि पुढे ते बळ कुठे गेलं, हे यादीत नसलेल्या वर्षांत दडलेलं आहे. तुझ्या लेखमालेचा कणा हा प्रश्न असावा, असा माझा आग्रह आहे.

सुरुवात रॉड डीडोंपासून कर. यूएससीचाच खेळाडू, संघाचा कर्णधार. व्यावसायिक बेसबॉलच्या सर्वोच्च पातळीवर त्यांच्या नावावर दोनच सामने आहेत, १९३५ साली ब्रुकलिन डॉजर्सकडून. पाठीने दगा दिला आणि खेळ सुटला. पुढे त्यांनी मालवाहतुकीचा धंदा काढला आणि तो चांगला वाढवला. १९४२ साली संघाचे प्रशिक्षक सॅम बॅरी नौदलात दाखल झाले, तेव्हा संघ आपल्या या जुन्या शिष्याच्या हाती आला. युद्ध संपल्यावर बॅरी परतले आणि गुरुशिष्यांनी मिळून संघ सांभाळला. १९४८ चं पहिलं विजेतेपद या जोडीचं आहे. त्या वेळी मिशिगनमधल्या कॅलामाझूला अंतिम लढतीत समोर येल विद्यापीठ होतं आणि येलचा कर्णधार व फर्स्ट बेसमन, म्हणजे पहिल्या बेसवरचा क्षेत्ररक्षक, होता थोरला जॉर्ज बुश, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला. तू त्याच्यावर पानभर लिहिलं आहेस. दोन वाक्यांत आटप. वाचक बुशच्या मागे गेला की बॅरी हातचे निसटतात, आणि पाया तर त्यांनी घातला.

१९५० मध्ये बॅरी वारले. त्यानंतर १९८६ पर्यंत डीडो एकटे. एकूण पंचेचाळीस हंगाम, १,३३२ विजय. आपल्या प्रत्येक खेळाडूला ते ‘टायगर’ म्हणून हाक मारत, हे तू लिहिलं आहेस, ते छान आहे, ठेव. विद्यापीठाकडून ते वर्षाला एक डॉलर एवढं नावापुरतं मानधन घेत, हेही तू लिहिलंस आणि ‘थोर मनाचा माणूस’ असं म्हणून पुढे गेलीस. तिथे थांबायला हवं होतं. ज्या प्रशिक्षकाचं घर ट्रकांच्या धंद्यावर चालतं, त्याला मोठ्या पगारासाठी दुसरीकडे जावं लागत नाही. विद्यापीठालाही त्याच्या पगाराचा भार नाही. माझ्या मते यूएससीच्या वर्चस्वामागे हे स्थैर्य फार मोठं होतं. डीडोंनंतर १९८७ पासून माइक गिलेस्पी आले, तेही १९६१ च्या विजेत्या संघातले. त्यांनी २००६ साली पद सोडलं. म्हणजे १९४२ ते २००६ या चौसष्ट वर्षांत एका घराण्यासारखा हा वारसा चालला : बॅरी, त्यांचा शिष्य डीडो, डीडोंचा शिष्य गिलेस्पी. त्यानंतरच्या वीस वर्षांच्या आत पाच प्रशिक्षक झाले. हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडलेस की वाचकाला फार काही समजावून सांगावं लागणार नाही.

आता १९७३ चा तो सामना. राष्ट्रीय स्पर्धा जिथे होते ते ओमाहा शहर, उपांत्य फेरी, मिनेसोटा विद्यापीठाविरुद्ध. तू त्याला ‘चमत्कार’ म्हटलं आहेस. तो शब्द खोडून टाक आणि नववी इनिंग नीट लिही. मराठी वाचकाला आधी एवढं सांग की नऊ इनिंगचा खेळ असतो आणि प्रत्येक इनिंगमध्ये तीन आउट झाले की तुमची बॅटिंग संपली. यूएससी शेवटच्या बॅटिंगला आली तेव्हा फळ्यावर मिनेसोटा ७, यूएससी ०. माउंडवर, म्हणजे चेंडू टाकायच्या उंचवट्यावर, मिनेसोटाचा डेव्ह विनफिल्ड, साडेसहा फूट उंचीचा. आधीच्या आठ इनिंगमध्ये त्याने यूएससीला एकच हिट दिलेला, तोही इनफिल्डच्या, म्हणजे बेसजवळच्या भागाच्या, आतला. त्या सामन्यात त्याने पंधरा बॅटर स्ट्राइकआउट केले, म्हणजे चेंडू नीट टोलवू न देता स्वतःच बाद केले. फक्त तीन आउट हवे होते. पण तो दमला होता, यूएससीचे बॅटर बेसवर जायला लागले, रन यायला लागले, आणि मिनेसोटाने त्याला पिचिंगवरून काढून लेफ्ट फील्डला, मैदानाच्या डाव्या टोकाला, उभं केलं. हाती आलेला सामना त्याने तिथून निसटताना बघितला. यूएससीने त्या एका इनिंगमध्ये आठ रन काढले. ८-७. पुढे अंतिम सामन्यात ॲरिझोना स्टेटला हरवून सलग चौथं विजेतेपद.

बेसबॉलच्या स्कोअरशीटवर प्रत्येक बॅटरचं काय झालं ते खुणांनी नोंदलेलं असतं. ती शीट मिळव आणि त्या इनिंगचा एकेक बॅटर ओळीने लिहून काढ. आठ रन एका फटक्यात येत नाहीत. ते कसे कसे जमत गेले, त्यात शिस्त किती, प्रतिस्पर्ध्याच्या चुका किती आणि नशीब किती, हे वाचकासमोर ठेव.

आणि हा सामना मिनेसोटाच्या बाजूनेही लिही. कॉलेजचा हंगाम फेब्रुवारीत सुरू होतो, तेव्हा लॉस एंजेलिसला ऊन असतं आणि मिनेसोटाला बर्फ. तिकडच्या मुलांना सुरुवातीचे आठवडे छपराखाली सराव करावा लागतो. तरीही त्यांचे प्रशिक्षक डिक सीबर्ट यांनी १९५६, १९६० आणि १९६४ अशी तीन विजेतेपदं तिथे नेली होती. विनफिल्डला त्या हरलेल्या सामन्यानंतरही स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरवलं गेलं, आणि त्याच वर्षी तीन वेगवेगळ्या खेळांतल्या चार व्यावसायिक संघांनी त्याची निवड केली. समोरचा संघ किती मोठा होता हे कळल्याशिवाय यूएससीचा विजय मोजता येत नाही.

सलग पाचचं कोडं तू अजून सोडवलेलं नाहीस. कॉलेजचा संघ टिकून राहत नाही. मुलं पदवी घेऊन जातात, आणि १९६५ पासून व्यावसायिक संघांचा ड्राफ्ट, म्हणजे नवे खेळाडू पाळीपाळीने निवडून घ्यायची पद्धत, सुरू झाल्यावर चांगली मुलं साधारण तिसऱ्या वर्षानंतरच उचलली जाऊ लागली. १९७० आणि १९७४ च्या संघांच्या याद्या शेजारी ठेव आणि सामायिक नावं शोध. त्यातून तुझं तुलाच उमगेल की दरवर्षी नवी मुलं घेऊन तीच पातळी राखणं ही मूळ कामगिरी आहे. फ्रेड लिनसारखे तारे आले आणि गेले. सराव तोच राहिला.

या ड्राफ्टचं आणि कॉलेजचं नातं दाखवायला टॉम सीव्हरची गोष्ट वापर, तू ती का गाळलीस कळत नाही. हा फ्रेस्नोच्या ज्युनिअर कॉलेजातून (दोन वर्षांच्या कॉलेजातून) आलेला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. १९६५ चा हंगाम त्याने यूएससीसाठी गाजवला. १९६६ च्या सुरुवातीला अटलांटा ब्रेव्हज या व्यावसायिक संघाने त्याच्याशी करार केला. पण तोवर यूएससीचे दोन सामने होऊन गेले होते आणि हंगाम सुरू झाल्यावर कॉलेजच्या खेळाडूला करारबद्ध करायला बंदी होती. व्यावसायिक बेसबॉलचे प्रमुख, कमिशनर विल्यम एकर्ट, यांनी करार रद्द केला. इकडे कॉलेज खेळांची नियामक संस्था म्हणाली, सही केलीस ना, मग तू आता हौशी राहिला नाहीस. एकवीस वर्षांचा मुलगा ना कॉलेजचा ना क्लबचा. शेवटी ब्रेव्हजइतकी रक्कम द्यायला तयार असलेल्या तीन संघांच्या चिठ्ठ्या टाकल्या आणि न्यूयॉर्क मेट्सची निघाली. त्याच मुलाने १९६९ साली मेट्सला पहिलं विजेतेपद मिळवून द्यायला हातभार लावला आणि कारकिर्दीत ३११ सामने जिंकले. आणि यूएससीच्या बाजूने बघ : आपला सर्वांत चांगला पिचर त्यांनी असा गमावला.

१९९८ वर फार शाई खर्चू नकोस. अंतिम सामना २१-१४ असा सुटला, ॲल्युमिनियमच्या बॅटच्या जमान्यातला तो कळस होता, आणि त्यानंतर बॅटचे नियम कडक झाले. एवढं पुरे.

त्यापुढचं प्रकरण मात्र तुझ्या मालेत सर्वांत कसून लिहिलेलं हवं. २००५ नंतर थेट २०१५, आणि मग २०२५. राष्ट्रीय स्पर्धेची नुसती पात्रता मिळायला एवढी वर्षं लागली. लोक म्हणतात, डीडो गेले आणि तेज गेलं. मला हे पुरेसं वाटत नाही. शिष्यवृत्त्यांचा हिशोब बघ. वर्षानुवर्षं कॉलेज बेसबॉलमध्ये एका संघाला ११.७ पूर्ण शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती आणि संघात पस्तीसेक मुलं. म्हणजे त्या तुकड्यातुकड्यांनी वाटायच्या. सरकारी विद्यापीठात राज्यातल्याच मुलाची फी मुळात कमी असते, त्यामुळे अर्धी शिष्यवृत्तीही भागते. यूएससी खासगी आणि अतिशय महाग. तिथे अर्धी शिष्यवृत्ती मिळालेल्या मुलाच्या आईवडिलांना उरलेली रक्कम जमवताना घाम फुटतो. तोच मुलगा शेजारच्या सरकारी विद्यापीठात गेला तर त्याला दोष कोण देणार? २०२५ मध्ये न्यायालयीन तडजोडीनंतर ही मर्यादा उठली आणि तिच्या जागी चौतीस खेळाडूंची मर्यादा आली. आता काय होतं ते बघायचं.

रिंकू सिंग आणि दिनेश पटेल यांच्यापासून सुरुवात केली तर मराठी वाचक धरून राहील, असं तू लिहिलंस. २००८ साली टीव्हीवरच्या स्पर्धेतून निवडलेली उत्तर प्रदेशातली ही दोन भालाफेक करणारी मुलं यूएससीत टॉम हाउस यांच्याकडे पिचिंग शिकली आणि पिट्सबर्ग पायरेट्सने त्यांना करारबद्ध केलं, हे खरं आहे. पण ती या संघात खेळली नाहीत. त्यांना हाउस यांच्या ओघात आण. हाउस यूएससीचेच जुने पिचर, आणि १९७४ साली हँक ॲरनने विक्रमी ७१५ वा होमरन मारला तेव्हा कुंपणापलीकडे तो चेंडू झेलणारे तेच. त्यांच्यामागोमाग या मुलांचा परिच्छेद आपसूक येईल.

जुन्या खेळाडूंना भेटशील तेव्हा १९७३ च्या सामन्याबद्दल आधी विचारू नकोस. ती गोष्ट त्यांनी इतक्यांदा सांगितली असेल की तिला ठरीव चाल आली असणार. मंगळवारच्या सरावात काय काय व्हायचं ते विचार. चूक झाली तर डीडो काय करायचे, कोणाला संघातून वगळलं, प्रवासाचा खर्च कोण करायचं, बसमध्ये कोण कुठे बसायचं. विजेतेपद न मिळालेल्या संघांतली माणसंही आवर्जून शोध. १९७५, ७६, ७७ मधली. पाच सलग विजेतेपदांनंतर पहिल्यांदा हरलेल्या मुलांना काय ऐकावं लागलं, हे मला तुझ्याकडून वाचायचं आहे.

पहिलं प्रकरण आत्ता बाजूला ठेव. २००६ नंतरचं प्रकरण आधी लिही, शिष्यवृत्त्यांचे नियम कुठल्या वर्षी कसे बदलले याचा तक्ता करून, आणि महिनाअखेरीपर्यंत पाठव. स्कोअरशीट वाचताना एखादी खूण अडली तर फोन कर, रात्री उशिरा केलास तरी चालेल.

तुझा,
काका