पॅडलबोर्ड घ्यावा की कयाक? आधी पाणी कुठलं ते ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात राहता, आजोळ मालवणजवळ आहे, वय 41, उंची 175 सेंटिमीटर, वजन 84 किलो. पोहता येतं, पण सराव सुटलाय. नऊ वर्षांच्या मुलीलाही सोबत न्यायचंय. पॅडलबोर्ड घ्यावा की कयाक, फुगवायचा की कडक, आणि बाकी सामान काय लागेल?

पॅडलबोर्ड म्हणजे उभं राहून लांब वल्ह्याने चालवायची फळी आणि कयाक म्हणजे बसून वल्हवायची अरुंद होडी. मी सात वर्षं दोन्ही चालवते आहे. माझं माहेर देवबागच्या पट्ट्यावर, एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कर्ली खाडी. त्यामुळे तुमच्या प्रश्नातलं "आजोळ मालवणजवळ" हे वाचलं आणि लिहायला बसले. खरेदीचं पुढे सांगतेच. पण बोर्ड कुठला, वल्हं किती लांब, हे सगळं तुम्ही कुठल्या पाण्यात उतरणार त्यावर ठरतं. लोक उलटं करतात. आधी बोर्ड घेतात आणि मग तो घेऊन जायचं कुठे, ते शोधत बसतात.

पुण्याजवळ तुम्हाला मिळणार धरणाचं पाणी. त्याला भरती-ओहोटी नाही, धार नाही, शिकायला उत्तम. पण बहुतेक धरणं जलसंपदा विभागाच्या ताब्यात असतात, कुठल्याही काठावरून बोर्ड सोडता येत नाही. पवना, मुळशीकडे भाड्याने कयाक देणारे आहेत, सुरुवात तिथूनच करा. धरणात दोन गोष्टी सांभाळायच्या. काठ एकदम खोल होतो, गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल गळ्यापर्यंत जाऊ शकतं. आणि एप्रिल-मेमध्ये पाणी उतरलं की बुडालेल्या झाडांची खोडं वर येतात, बोर्डाचं खालचं पातं त्यात अडकतं.

आता खाडी. खाडीवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण या छंदातला खरा आनंद मला तिथे मिळाला आणि एकदा जीव मुठीत धरायची वेळही तिथेच आली.

डिसेंबरात, पौर्णिमेनंतरच्या द्वितीयेला, दुपारी अडीचच्या सुमारास मी बोर्ड पाण्यात घातला. खाडी तुडुंब होती, पाणी आरशासारखं. सहज वल्हवत संगमाच्या, म्हणजे खाडी समुद्राला मिळते त्या मुखाच्या दिशेने गेले. इतकं सोपं वाटत होतं की हात सुधारला म्हणून मी खूश. प्रत्यक्षात ओहोटी लागली होती आणि मला तीच नेत होती. परत फिरले तेव्हा कळलं. ओहोटीची धार समोरून, वायव्येचा वाराही समोरून, आणि दोघंही मला मुखाकडे लोटत होते. नवखा माणूस ताशी तीन-चार किलोमीटरने वल्हवतो. उधाणाच्या ओहोटीला मुखाजवळची धार तेवढी सहज होते. अर्धा तास मी गुडघ्यांवर बसून जीव तोडून वल्हवलं आणि काठावरचा तोच माड बाजूला दिसत राहिला. शेवटी तिरकं जाऊन काठ गाठला आणि खारफुटीच्या चिखलात बोर्ड धरून उभी राहिले. अंधार पडायच्या आत मासेमारीहून परतणाऱ्या एका होडीने मला ओढून आणलं.

घरी शेजारच्या आबांनी रागावायच्या आधी एक प्रश्न विचारला, "आज तिथ कितवी?" मला माहीत नव्हती. कोकणात भरतीची वेळ काढायची जुनी रीत आहे: तिथीची पाऊणपट करायची. जुन्या माणसांनी शाळेत पाऊणकी पाठ केलेली, त्यांना बोटं मोजावी लागत नाहीत. चतुर्थीला तीन वाजता पूर्ण भरती, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमेला सव्वाअकरा. दिवसाही आणि रात्रीही, शुक्ल पक्षातही आणि कृष्ण पक्षातही. तिथून साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, खाडीत आत गेलं की आणखी उशीर, म्हणून मी मोबाइलवरचं भरतीचं कोष्टकही बघते. पण रीत डोक्यात असली की कॅलेंडरकडे नजर टाकूनच दिवस ठरवता येतो. त्या दिवशी द्वितीया होती, म्हणजे दीडला भरती. मी अडीचला निघाले, पुढचे पाच तास पाणी उतरतच राहणार होतं.

म्हणून सुरुवातीला अष्टमीच्या आसपासचे दिवस निवडा. त्या दिवसांत भांग असते, पाणी कमी चढतं, कमी उतरतं, धार मवाळ. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण नंतरसाठी ठेवा. आणि जाताना नेहमी धारेच्या विरुद्ध जा, दमलात की धारच परत आणते.

वाऱ्याचंही तसंच. सकाळी जमिनीकडून मतलई वारा, दुपारी समुद्राकडून खारा वारा, हे आपण भूगोलात शिकलोय. तारकर्लीच्या किनाऱ्यावर सकाळी सातला समुद्र ताटासारखा सपाट दिसतो, लोक बोर्ड घेऊन सरळ आत जातात. तो सपाट दिसतो कारण वारा पाठीमागून, जमिनीवरून येतोय, आणि हाच वारा उभ्या माणसाला शिडासारखा धरून बाहेर नेतो. परतताना तो समोरून लागतो. पहिलं वर्षभर उघड्या समुद्रात बोर्डावर उभं राहूच नका. खाडीत सकाळी साडेसहा ते साडेनऊ, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, यासारखी वेळ नाही. पावसाळ्यात सामान घरात.

आणखी एक, हे विचारल्याशिवाय उतरू नका: इथे मगरी आहेत का? चिपळूणकडे वाशिष्ठीत आहेत, सांगलीला कृष्णेत आहेत, गोव्यात कुंभारजुव्याच्या कालव्यात आहेत. नकाशावर पाणी सुंदर दिसतं म्हणून उतरायचं नाही. काठावरच्या माणसाला विचारायचं.

आता खरेदी. पॅडलबोर्ड की कयाक, याचं माझं उत्तर तुमच्यासाठी: आधी दोन्ही भाड्याने चार-चार वेळा चालवा, मग घ्यायचा झाला तर फुगवायचा पॅडलबोर्ड घ्या. वारा असेल, लांब जायचं असेल, गुडघे दुखत असतील तर कयाक सरस, यात वाद नाही. बसल्यामुळे वारा कमी लागतो, दोन्ही बाजूंनी वल्हवता येतं. पण तुम्ही फ्लॅटमध्ये राहता आणि मुलगी सोबत आहे. कडक कयाक वीस-पंचवीस किलोचा, दहा-बारा फूट लांब, तो ठेवणार कुठे आणि गाडीवर चढवणार कोण? फुगवायचा बोर्ड पिशवीत मावतो, वजन दहा किलोच्या आसपास. शिवाय बोर्डावर उभं राहिलं की पाण्याच्या आत दिसतं. बसून ते दिसत नाही. वाळूवरून सरकणारं पाकट, बोय माशांचा थवा, तळाच्या शिंपल्या. मी कयाकवरून बोर्डाकडे वळले ती यासाठी.

कयाकच घ्यायचा ठरला, तर वर बसायचा घ्या, आत पाय घालून बसायचा नको. आपलं पाणी उबदार आहे, अंग झाकायची गरज नाही. वर बसायचा कयाक उलटला तर तो सुलटा करून परत चढता येतं, पाणी भोकांतून आपोआप निघून जातं. आत बसायचा उलटला की पाण्याने भरतो आणि त्यातून सुटायला वेगळं शिकावं लागतं.

बोर्डाचं माप. तुमचं वजन 84, मुलगी साधारण 28 धरू, म्हणजे 112 किलो. साडेदहा फुटांचे बोर्ड सर्रास मिळतात, पण दोघांसाठी अकरा फूट लांब, तेहतीस इंच रुंद आणि सहा इंच जाड बघा. जाडी चार इंच असेल तर घेऊ नका, मोठ्या माणसाखाली तो मध्ये वाकतो. बोर्डावर लिहिलेली वजनाची मर्यादा म्हणजे तेवढ्या वजनाला तो बुडत नाही इतकंच. नीट चालायला हवा असेल तर त्या आकड्याच्या तीन चतुर्थांशात राहा. आतला कपडा ड्रॉप-स्टिच हवा, म्हणजे वरच्या-खालच्या थरांना जोडणारे हजारो धागे असलेला. त्यामुळेच फुगवलेला बोर्ड फळीसारखा कडक होतो. डेकॅथलॉनसारख्या खेळसामानाच्या दुकानात मिळाले तर ते हाताळून बघता येतात. मी पहिला बोर्ड वापरलेला घेतला होता. तसा घेणार असाल तर विकणाऱ्याला तो पूर्ण फुगवून रात्रभर ठेवायला सांगा आणि सकाळी दाब मोजा.

दाब 12 ते 15 पीएसआय लागतो, बोर्डावर लिहिलेलं असतं. हातपंपाने शेवटचे तीन-चार पीएसआय भरताना दम लागतो, बरेच जण तिथेच थांबतात आणि मग "तोल जातो" म्हणतात. तोल त्यांचा नाही, बोर्ड मऊ राहिलेला असतो. उलट, पहाटे गारव्यात 15 भरून तो दुपारी वाळूवर उन्हात सोडला, तर आतली हवा तापून दाब 18 पर्यंत चढू शकतो आणि शिवण सुटते. जेवायला थांबलात तर बोर्ड सावलीत किंवा पाण्यातच ठेवा, नाहीतर थोडी हवा सोडा.

पैसे मात्र आधी लाइफ जॅकेट आणि वल्ह्यावर घाला. पर्यटकांना घालतात ती नारिंगी, जाड जॅकेटं वल्हवायला निकामी, बगलेत घासतात. बाह्यांची भोकं मोठी असलेलं, अंगाला घट्ट बसणारं घ्या. पट्टे आवळून दुसऱ्या कुणाला खांद्यांना धरून वर ओढायला सांगा, जॅकेट हनुवटीच्या वर गेलं तर ते सैल आहे. तुमचा पोहण्याचा सराव सुटलाय म्हणता, म्हणून 50 न्यूटनचं न घेता 100 न्यूटनचं बघा (न्यूटन म्हणजे जॅकेट पाण्यात किती जोराने वर उचलतं त्याचं माप). मुलीला तिच्या वजनाचं, पायांमधून पट्टा असलेलं. मोठ्याचं जॅकेट आवळून लहान मुलाला घालू नका, पाण्यात ते वरून निसटतं.

वल्हं तुमच्या उंचीपेक्षा वीस-पंचवीस सेंटिमीटर जास्त, म्हणजे 195 ते 200. कमी-जास्त करता येणारं घ्या, मुलीलाही वापरता येईल. शक्य असेल तर फायबरच्या दांड्याचं. तासाभरात शेकडो वेळा ते उचलायचं असतं, दोनशे-तीनशे ग्रॅमचा फरक खांद्याला कळतो. पात्याचा वाक पुढच्या दिशेने ठेवा, बहुतेक नवे लोक उलटं धरतात. आणि आबांनी मला सांगितलेलं एकच वाक्य तुम्हाला देते: "पाणी ढकलू नको गो, होडी फुडे व्हड." वल्हं पुढे रोवायचं आणि आपण त्याच्यापाशी जायचं. हात दुखत असतील तर तुम्ही पाणी ढकलताय.

बोर्डाला बांधायची दोरी आवश्यकच. पडलात की वारा बोर्डाला तुमच्यापासून क्षणात लांब नेतो. धरणात ती घोट्याला चालेल. खाडीत जाळी, खुंटे, नांगरलेल्या होड्यांचे दोर असतात, दोरी त्यात अडकली आणि धार असेल तर घोट्यापर्यंत हात पोचत नाही. तिथे कमरेचा, ओढला की सुटणारा पट्टा वापरा. मी खाडीत दुसरं काही वापरत नाही.

पायात जुने बूट किंवा पट्ट्याच्या सँडल. खडकांना चिकटलेली कालवं, म्हणजे धारदार शिंपले, ब्लेडसारखी कापतात, आणि ती जखम लवकर भरत नाही. बोर्डही खडकाला लावू नका, त्यालाही तीच कापतात. गळ्यात शिट्टी, मोबाइल पाणी न शिरणाऱ्या पिशवीत अंगावर, बोर्डावर नाही. परतल्यावर सगळं गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवायचं, नाहीतर बुरशी येते. आणि गावच्या घरी ठेवणार असाल तर उंदरांपासून जपा. माझ्या पहिल्या बोर्डाची कड त्यांनी कुरतडली होती, ठिगळ लावून चालला, पण तो मनातून उतरला.

पहिल्या दिवशी छातीभर पाण्यात जा. मध्यावर, हँडलच्या दोन्ही बाजूंना गुडघे टेकून दहा मिनिटं नुसतं वल्हवा. मग उभे राहा, नजर पायांकडे नको, समोरच्या काठावर. तोल गेला तर बोर्डापासून लांब, सपाट पडा. मग मुद्दाम पाच वेळा पडा आणि बाजूने हँडल धरून, पाय मारत परत चढा. परत चढता येईपर्यंत खोल पाण्यात जायचं नाही आणि मुलीला पुढे बसवायचं नाही. तिलाही हे सगळं करू द्या, मुलांना पडण्याची भीती आपल्यापेक्षा कमी असते.

मग एखाद्या अष्टमीच्या सकाळी सहाला भरती गाठून खारफुटीच्या कडेने निघा. बोलू नका, वल्हं अलगद टाका. खंड्या तर दिसतोच, पाणकावळे पंख वाळवत बसलेले असतात. मला गेल्या जानेवारीत तिवरांच्या मुळांपाशी ऊद, म्हणजे पाणमांजरं, दिसले, तीन. त्यातलं एक मान वर काढून माझ्याकडे बघत राहिलं, मी वल्हं मांडीवर घेऊन तशीच बसले, आणि बोर्ड आपला आपण सरकत त्यांच्या बाजूने गेला.